काळ्या पुडीचे वजन

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची दुसरी मिस्सा आटोपली होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरी जाण्याची घाई नसलेली चार माणसे आमच्याभोवती चर्चच्या पडवीत उभी होती. त्या दिवशी प्रवचनात आम्ही समेट घडवून आणणाऱ्या माणसाविषयी बोललो होतो, आणि या विषयावर बोलताना गेली पंचवीस वर्षे जे उदाहरण देत आलो तेच पुन्हा दिले होते. ते असे : समेट घडविणाऱ्याने रसायनशास्त्रातील उत्प्रेरकासारखे असावे, तो दोन पदार्थांत बदल घडवून आणतो, पण स्वतः अलिप्त राहतो, त्याला काहीच होत नाही. उदाहरण लोकांना आवडते. विज्ञानाचा दाखला दिला म्हणजे फादरांचे वाचन अद्ययावत आहे असेही वाटते. आम्ही त्या समाधानात होतो.

पडवी रिकामी झाल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पुढे आली. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. छत्रीच्या मुठीशी चाळा करीत ती म्हणाली, "फादर, एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"सांग बाय, रागावण्यासारखे काय आहे?"

"तुमचे उदाहरण चुकले. उत्प्रेरक अलिप्त नसतो. सगळ्यांत जास्त गुंतलेला तोच असतो."

आम्ही हसलो, तिला शाबासकी दिली आणि 'आजकालची मुले फार बारकाईत शिरतात' असे मनाशी म्हणत न्याहारीला गेलो. पण ते वाक्य काही जाईना. दुपारी ते पानावर आले, रात्री उशाशी आले. एरवी एखादा शास्त्रीय तपशील चुकला म्हणून आमची झोप उडते असे नाही. परंतु या उदाहरणावर विसंबून आम्ही एकदा वागलो होतो, आणि त्या वागण्याचा संबंध एका घराशी होता. ती हकीकत शेवटी सांगू. आधी रसायन.

आमची चूक कोठून आली, हे शोधताना आम्ही थेट शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचलो. चाळीस वर्षांपूर्वीचा तो तास अजून डोळ्यांसमोर आहे. शिक्षकांनी पोटॅशियम क्लोरेटचे पांढरे स्फटिक परीक्षानळीत घालून तापविले. स्फटिक वितळले, तरी प्राणवायू नावालाच सुटत होता. मग दुसऱ्या नळीतील स्फटिकांत त्यांनी मँगनीज डायॉक्साइडची चिमूटभर काळी पूड मिसळली. आता कितीतरी कमी आचेवर प्राणवायू भराभर येऊ लागला. विझत आलेली काडी नळीच्या तोंडाशी धरताच ती पुन्हा भडकली. वर्ग आश्चर्याने पाहत राहिला. पण खरी जादू पुढे होती. सरांनी नळीतील अवशेष पाण्यात कालविला, गाळणकागदातून गाळला, वर राहिलेली काळी पूड वाळविली आणि तराजूत घातली. जेवढी घातली होती तेवढीच भरली! त्या दिवशी आमच्या वहीत व्याख्या उतरली : उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवितो, पण अभिक्रियेच्या शेवटी त्याच्यात कोणताही रासायनिक बदल झालेला नसतो.

व्याख्या बरोबर होती. आम्ही मात्र 'शेवटी' हा शब्द गाळून ती पाठ केली. पुढे सेमिनरीत गेलो आणि रसायन तेथेच सुटले. तेथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांस ॲरिस्टॉटल भेटला. स्वतः न हलता इतर सर्वांस हलविणारा असा कोणी असला पाहिजे, हा त्याचा विचार आणि त्यावरील संत थॉमस अक्वायनसचे विवेचन आम्ही शिकलो. ते ऐकताना आमच्या मनात ती काळी पूड उभी राहिली. स्वतःला काही न होता दुसऱ्यांत बदल घडविणारी! दोन्ही गोष्टी मनात एकमेकींशेजारी अशा घट्ट बसल्या, की पुढे त्या वेगळ्या काढण्याची गरजच भासली नाही. आज वाटते, ते वर्णन ज्याचे आहे त्याचेच राहू द्यावे. मँगनीज डायॉक्साइडला ते लावू नये.

त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात आली. येताना औषधांच्या दुकानातून जखम धुण्याच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली घेऊन आली होती. बाकी साहित्य आमचेच : दोन काचेचे पेले, एक कच्चा बटाटा, एक उकडलेला बटाटा आणि एक उदबत्ती. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी हात पुसत बाजूला उभ्या राहिल्या.

तिने दोन्ही पेल्यांत थोडे थोडे पेरॉक्साइड ओतले. दिसायला ते निव्वळ पाणी. काहीही घडत नव्हते. मग एका पेल्यात तिने कच्च्या बटाट्याची फोड टाकली. क्षणात फोडीच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले आणि पाहता पाहता पांढरा फेस पेल्याच्या तोंडापर्यंत आला. पेटती उदबत्ती त्यात धरली, तर तिचे टोक एकदम तेजाळले. मावशी म्हणाल्या, "अगो बाय, चूल पेटविली नाही आणि हा बटाटा उकळतो कसा?" दुसऱ्या पेल्यात उकडलेल्या बटाट्याची फोड पडली. ती नुसती बुडाशी जाऊन बसली.

"फादर, लहानपणी गुडघा फुटला की आई हेच लावायची ना?" मुलीने विचारले. "जखमेवर फेस यायचा. आपण म्हणायचो, जंतू मरताहेत. तो फेसही याच बुडबुड्यांचा. आपल्या रक्तात आणि या बटाट्यात एकच विकर असते. त्याचे नाव कॅटॅलेज. सजीवांच्या शरीरातील उत्प्रेरक म्हणजे विकरे. बटाटा उकडला की विकराची घडी मोडते आणि त्याचे काम थांबते."

पेरॉक्साइडचा रेणू मोडला की त्यापासून पाणी आणि प्राणवायू होतात, आणि मोडताना तो ऊर्जा बाहेर टाकतो. म्हणजे मोडणे हा त्याच्या दृष्टीने उतारच आहे. मग बाटलीत तो महिनोन्‌महिने स्वस्थ कसा बसतो? आमच्या या शंकेवर तिने जो दाखला दिला तो वाचकांस आवडेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि मुंबई समुद्राच्या काठी. तेव्हा पुण्याहून मुंबईस येणे हे एकंदरीत उतरणेच झाले. तरी पुण्यात सोडलेला चेंडू आपोआप घरंगळत मुंबईस येत नाही. कारण वाटेत लोणावळे लागते आणि ते पुण्याहूनही उंच आहे. आधी तेवढे चढावे लागते, मग घाट उतरता येतो. रेणूंचेही असेच असते. नवे बंध जुळण्यापूर्वी जुने बंध ताणावे लागतात, आणि त्यासाठी आधी काही ऊर्जा जवळ असावी लागते. स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनिअस याने १८८९ मध्ये ही चढण गणितात मांडली. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

चढण पार करण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, उष्णता देणे. तापविले की रेणूंची धावपळ वाढते, ते एकमेकांवर जोराने आदळतात आणि त्यांपैकी अधिक जण माथ्यावर पोहोचतात. यात घाट तोच राहतो. प्रवाशांना मागून रेटा दिलेला असतो. दुसरा उपाय उत्प्रेरकाचा. तो कोणालाच रेटीत नाही. तो दुसरी वाट दाखवितो : एका उंच घाटाऐवजी दोन-तीन ठेंगण्या खिंडींची. "पुणे तेथेच राहते, मुंबई तेथेच राहते," मुलगी म्हणाली, "बदलतो तो रस्ता."

खिंड थोडी ठेंगणी झाल्याने वेगात किती फरक पडतो, हे ऐकून आम्ही थक्क झालो. पेरॉक्साइड एकटे असताना चढण मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल असते. आयोडाइड क्षाराचा कण सोबतीला आला की ती सुमारे ५६ वर येते. नेहमीच्या हवामानात चढण दर ५.७ किलोज्यूलने उतरली, की बाकी सारे तसेच राहिल्यास वेग दसपट होतो. म्हणजे एवढ्याशा फरकाने वेग सुमारे २००० पट वाढला! कॅटॅलेजची खिंड तर याहून खूपच खाली आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू मोडतो. आपल्या शरीरात पेरॉक्साइड सतत थोडे थोडे तयार होत असते आणि ते साचू दिले तर पेशींना इजा करते. हे विकर त्याचा तेथल्या तेथे निकाल लावते.

आणि आता आमच्या चुकीच्या मुळाशी आलो. कॅटॅलेजच्या गाभ्यात लोखंडाचा अणू असतो. पेरॉक्साइडचा पहिला रेणू त्याच्यापाशी येतो, आपल्यातील प्राणवायूचा एक अणू त्याच्या हवाली करतो आणि पाणी होऊन निघून जातो. त्या क्षणी ते लोखंड पूर्वीचे राहिलेले नसते. त्याने दुसऱ्याचे ओझे अंगावर घेतलेले असते. त्याचा रासायनिक स्वभावही पालटलेला असतो. मग पेरॉक्साइडचा दुसरा रेणू येतो. लोखंड ते ओझे त्याच्या स्वाधीन करते. पाणी आणि प्राणवायू बाहेर पडतात, आणि लोखंड पुन्हा मूळच्या रूपात येऊन तिसऱ्याची वाट पाहते.

आमची काळी पूड आठवली. तिचे वजन तेवढेच भरले, म्हणून तिला काही झालेच नाही असे आम्ही धरून चाललो होतो. पण तराजू आरंभी लावला होता आणि अखेरीस लावला होता. मधल्या वेळी लावलाच नव्हता. मधल्या वेळी तिने घेतले होते आणि दिले होते. घेतले तेवढे परत दिले, म्हणून हिशेब जुळला. शिवाय हिशेब दरवेळी जुळतोच असे नाही. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात प्लॅटिनमच्या तलम जाळीवर अमोनिया जाळतात. घालताना जाळी गुळगुळीत असते. कालांतराने काढून पाहावी तर तिचा पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो आणि थोडे प्लॅटिनम उडूनही गेलेले असते. कामाच्या खुणा अंगावर राहतात.

आपल्या चुकीत मोठ्या माणसाची सोबत मिळाली की मनास थोडे बरे वाटते. तशी सोबत आम्हांस मिळाली. १८१७ मध्ये इंग्लंडात हंफ्री डेव्ही याला दिसले, की कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार ज्वाला नसताही लाल राहते. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई तेनार याने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले आणि काही धातूंच्या नुसत्या स्पर्शाने ते मोडते हे पाहिले. १८२३ मध्ये जर्मनीतील येना येथे योहान डोबरायनर याने हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला आणि तो काडीवाचून पेटला. त्यावरून त्याने दिवा बनविला आणि आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात तो पुष्कळ खपला. या साऱ्या विखुरलेल्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या त्या स्वीडनच्या बर्झेलियसने. १८३५ मध्ये त्याने या प्रकाराला ग्रीक शब्दांवरून नाव दिले. मूळ शब्दाचा अर्थ सैल करणे, सोडविणे. मात्र हे पदार्थ केवळ आपल्या उपस्थितीने इतरांतील सुप्त ओढ जागी करतात, अशीच त्याची समजूत होती. म्हणजे 'नुसते जवळ उभे राहणे पुरे' हा आमचा सिद्धांत थोर रसायनशास्त्रज्ञाचाही होता! फरक इतकाच, की तो १८३५ सालचा होता आणि आम्ही तो काल-परवापर्यंत सांगत होतो.

उपस्थिती पुरत नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखविले. फ्रान्सचा पॉल साबातिए, ज्याला १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे म्हणणे असे की उत्प्रेरक पदार्थाशी तात्पुरता बंध जोडतो. तो बंध कसा असावा, यातच सारी खुबी आहे. फार सैल असेल तर रेणू येतो आणि काहीच न घडता निघून जातो. फार घट्ट असेल तर रेणू तेथेच चिकटून बसतो आणि मागून येणाऱ्यांना जागा राहत नाही. चांगला उत्प्रेरक पुरेसे धरतो आणि वेळेवर सोडतो.

घट्ट धरण्याचा अनर्थ आपल्या रस्त्यांवर पाहायला मिळाला होता. मोटारीच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी धुराच्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंचा उत्प्रेरक बसवितात. परंतु त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. ते शिसे धातूच्या पृष्ठभागावर जाऊन बसे आणि उठत नसे. थोड्याच काळात उत्प्रेरक निकामी होई. रसायनशास्त्रात याला उत्प्रेरकाची विषबाधा असेच म्हणतात. म्हणून अशा गाड्यांसाठी १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० पासून देशभर तेच मिळू लागले. शिसे माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूलाही बाधते; उत्प्रेरकाच्या निमित्ताने तेही हवेतून कमी झाले.

आता ज्या अभिक्रियेवर आपल्या ताटातील अन्न अवलंबून आहे तिच्याकडे येऊ. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. पिकांना तो हवाच असतो, पण बहुतेक पिकांना हवेतून घेता येत नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात, की ते सहसा सुटत नाहीत. तो हायड्रोजनशी जुळला की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. हे जुळणेही उताराचेच आहे, पण मध्ये प्रचंड घाट आहे. 'मग तापवा की!' असे आमच्यासारखा म्हणेल. येथेच निसर्गाने मोठी अडचण घालून ठेवली आहे. खूप तापविले तर रेणू घाट ओलांडतात खरे, पण तेवढ्या उष्णतेत अमोनिया टिकत नाही; झालेला पुन्हा मोडतो. ज्या रेट्याने काम व्हायचे त्याच रेट्याने ते नासते. मंद आचेवर अमोनिया टिकेल, पण तयार व्हायला युगे लागतील.

या कात्रीतून उत्प्रेरकाने वाट काढली. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने ऑस्मियम या दुर्मिळ धातूच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली, अमोनियाचे थेंब मिळवून दाखविले. ऑस्मियम कारखान्याला पुरणार नव्हते. कार्ल बॉश याच्या हाताखाली आल्विन मिटाश याने हजारो मिश्रणे तपासली. अखेर गुण आला तो साध्या लोखंडाला, त्यात ॲल्युमिनियम व पोटॅशियम यांची संयुगे थोडी मिसळल्यावर. १९१३ मध्ये ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. आजही ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता, मोठा दाब आणि लोखंडाचे कण हीच मुख्य रीत आहे. आपल्याकडे तुर्भे येथे आणि अलिबागजवळच्या थळ येथे अमोनिया आणि युरिया तयार होतात. वाडीत शेतकरी जी गोणी फोडतो तिच्या मागे कोठेतरी अशा लोखंडाच्या कणांचे काम असते. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या रीतीने बनलेल्या खतावर पोसले जाते, असा जाणकारांचा अंदाज आहे.

ते लोखंड नेमके काय करते, हे कळायला मात्र पुढे पुष्कळ वर्षे लागली. गेरहार्ड एर्टल यांनी ते पायरी-पायरीने उलगडले. पृष्ठभागांवरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी त्यांना २००७ मध्ये नोबेल मिळाले. नायट्रोजनचा रेणू लोखंडावर उतरतो. लोखंड त्याचे दोन्ही अणू आपल्याशी बांधून घेते आणि त्यामुळे त्यांचा आपसातला तिहेरी बंध तुटतो. मग हायड्रोजनचे अणू एकेक करून येऊन जुळतात आणि तयार झालेला अमोनिया लोखंडाला सोडून निघून जातो. येथेही लोखंडच, आणि येथेही धरणे आणि सोडणे.

परंतु उत्प्रेरकाची थोरवी गाताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जी अभिक्रिया निसर्गतः होणारच नाही ती तो घडवू शकत नाही; पुण्याला मुंबईच्या खाली आणणे त्याच्या हाती नाही. तो जाण्याची वाट सोपी करतो तशी परतण्याचीही करतो, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात. म्हणून कारखान्यात अमोनिया झाला की लगेच थंड करून बाजूला काढावा लागतो. आणि तयार मालाचे पुढे काय होणार, याचा विचार तर त्याच्या गावीही नसतो. ज्या अमोनियाने शेते हिरवी केली, त्याच्याचपासून पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्फोटके बनविली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरिनचे विषारी ढग सोडले गेले, त्या कामाचा प्रमुख हाबरच होता. त्याची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ मे रोजी, तिने आपले जीवन संपविले. लोखंडाला यातले काही ठाऊक नव्हते. माणसाला ठाऊक असते.

असो. आता राहिलेली हकीकत.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे दोन भावांमध्ये वाडीच्या कुंपणावरून आणि एका विहिरीच्या पाण्यावरून वैर आले होते. बोलणे बंद, बायका-मुलांचेही बंद. प्रथम आम्ही रेटा देऊन पाहिला. दोघांनाही कार्यालयात बोलावून खडसावले. आमच्यासमोर त्यांनी हात मिळविले आणि आठ दिवसांत भांडण पहिल्याहून वाढले. पुढे एकदा धाकटा आमच्याकडे आला. म्हणाला, "फादर, तुम्ही एकदा घरी या. आधी दादाकडे जा, मग माझ्याकडे या. दोघांच्या घरी बसा. आम्हांला समोरासमोर बसवू नका. मी काय सोडतो ते तुम्ही त्याला सांगा, तो काय सोडतो ते मला सांगा."

आम्ही गेलो नाही. एकाच्या घरी चहा घेतला तर दुसऱ्याची माणसे बोलतील. विहिरीच्या प्रकरणात पडलो तर फादर या बाजूचे की त्या बाजूचे अशी चर्चा होईल. आम्ही त्याला म्हणालो, "आम्ही मध्ये पडणे योग्य नाही. आमच्या लेखी दोघेही सारखे." मनात तेव्हाही ती काळी पूड होती : आपण जवळ असावे, पण अंगाला काही लागू देऊ नये. दोघांनाही एकाच मजकुराचे एकेक पत्र पाठविले आणि आपण निःपक्षपातीपणे वागलो याचे समाधान मानले. दोन वर्षांनी थोरला भाऊ वारला. दफनाच्या वेळी धाकटा दफनभूमीच्या फाटकाशी उभा होता. माती द्यायला पुढे आला नाही आणि कोणी त्याला बोलावलेही नाही.

त्या बुधवारी मुलगी गेल्यावर आम्ही त्या पेल्याशी बराच वेळ बसलो. फेस बसला होता. धाकट्याने आमच्याकडे जे मागितले होते ते अक्षरशः त्या लोखंडाचे काम होते : एकाचे ओझे क्षणभर आपल्या अंगावर घ्यावे, दुसऱ्यापर्यंत पोहोचवावे आणि मग मोकळे व्हावे. आम्ही वजन सांभाळत बसलो. आम्ही गेलो असतो तर समेट झालाच असता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. उत्प्रेरकाची मर्यादा नुकतीच वर लिहिली आहे. त्या दोन भावांत उतार होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण वाट तरी आम्ही दाखविली नाही, एवढे खरे.

पुढच्या रविवारी आम्ही प्रवचनाच्या आरंभी आमची चूक कबूल केली आणि उदाहरण दुरुस्त करून सांगितले. मुलगी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मावशींनी नंतर सांगितले, की हे प्रवचन लोकांना नीटसे समजले नाही. पण बटाट्याचा प्रयोग मात्र बऱ्याच घरांत करून पाहण्यात आला.

पाऊस ओसरल्यावर एक दिवस आम्ही त्या जुन्या गावी जाऊन आलो. धाकटा आता साठीच्या पुढे गेला आहे. आम्हांस पाहून त्याने घाईघाईने ओट्यावर खुर्ची मांडली, सुनेला चहा टाकायला सांगितले. विहीर अजून आहे; कुंपणाच्या पलीकडे पुतण्याचे नवे घर झाले आहे. आम्ही त्याला म्हणालो, "तेव्हा तू बोलावलेस आणि आम्ही आलो नाही. ती आमची चूक झाली." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, तेव्हा आला असता, तर..." आणि वाक्य त्याने पुरे केले नाही. आम्हीही ते पुरे केले नाही. चहा घेतला. निघताना कुंपणापलीकडच्या घराकडे पाहून आम्ही विचारले, "तिकडेही जाऊन येऊ का?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "जा फादर. आणि त्याला सांगा, मोटर बिघडली तर विहिरीचे पाणी माझ्याकडून न्यायला काही हरकत नाही."

आम्ही पलीकडे गेलो आणि निरोप सांगितला. पुतण्याने तो ऐकून घेतला आणि आमच्यासाठी खुर्ची आणायला आत गेला.